कोरड्या आभाळाच्या भरवशावर

ताबोच्या विहाराची भिंत मातीची आहे. हात लावला तर उन्हानं तापलेली, खरबरीत, जागोजागी बारीक खडे उघडे पडलेली माती बोटांना लागते. चिरेबंदी नाही, चुन्याचा गिलावा नाही, वर कळस नाही. हिमाचल प्रदेशातल्या स्पिती खोऱ्यात, समुद्रसपाटीपासून सव्वातीन हजार मीटरांवर, नदीकाठच्या सपाट पट्टीत हा विहार इ.स. ९९६ मध्ये उभा राहिला. देवगिरीवर यादवांची राजधानी वसायला तेव्हा जवळजवळ दोनशे वर्षं अवकाश होता. आजही विहार ओस पडलेला नाही. लामा इथे राहतात, शिकतात, पूजापाठ करतात.

ज्याच्या घरी दर मे महिन्यात मातीच्या भिंतींना झापांचा आडोसा करावा लागतो, त्या कोकणातल्या माणसाला हे पटणं अवघड आहे. एक पावसाळा आडोशाविना गेला तरी तिकडे भिंत पाघळते. ताबोची भिंत हजार वर्षं उभी आहे, कारण पावसाळा तिथपर्यंत पोचतच नाही.

शाळेच्या भूगोलात ‘पर्जन्यछायेचा प्रदेश’ म्हणून जो धडा असतो, तो मराठी मुलं महाबळेश्वर आणि माण-खटावच्या उदाहरणानं शिकतात. डोंगराच्या एका अंगाला धो धो पाऊस, दुसऱ्या अंगाला टँकर. सह्याद्रीची उंची जेमतेम दीड हजार मीटर, तरी एवढा फरक पडतो. स्पितीच्या वाटेत तर ढगांना आधी धौलाधार, मग पीर पंजाल, मग हिमालयाची मुख्य रांग ओलांडायची असते, आणि त्यांतली कित्येक शिखरं पाच-सहा हजार मीटरांची आहेत. धर्मशाळेवर मनसोक्त कोसळलेला मोसमी वारा इथवर येतो तो रिकाम्या हातांनी. खोऱ्याला पाणी मिळतं ते हिवाळ्यात पश्चिमेकडून येणाऱ्या वाऱ्यांनी आणलेल्या बर्फातून. हे बर्फ डोंगरमाथ्यावर साठतं आणि उन्हाळाभर थोडं थोडं वितळून खाली येतं. आभाळातून थेट पडणाऱ्या पावसावर इथलं काहीच अवलंबून नाही. उलट, पाऊस पडणार नाही हे गृहीत धरूनच इथली घरं बांधली गेली, शेतं आखली गेली, देवळं रंगवली गेली.

म्हणून स्पितीला जाणाऱ्यानं आधी हा कोरडेपणा समजून घ्यायला हवा. डोंगरांचे फोटो सगळेच काढतात. त्या डोंगरांखाली माणूस कशाच्या भरवशावर राहिला, ते पाहिल्याशिवाय हे खोरं कळत नाही.

खोऱ्यात जायच्या वाटा दोन. एक मनालीकडून: अटल बोगद्यातून लाहौलमध्ये उतरायचं, ग्रामफू, छत्रू, बातल करत साडेचार हजार मीटरांहून उंच असलेली कुंझुम खिंड चढायची आणि पलीकडे लोसर या स्पितीतल्या पहिल्या गावात पोचायचं. नऊ किलोमीटर लांबीचा अटल बोगदा ऑक्टोबर २०२० मध्ये खुला झाला आणि रोहतांगचा घाट टळला. पण कुंझुम अजूनही हिवाळ्याचे कित्येक महिने बर्फाखाली बंद असते. दुसरी वाट सिमल्याहून, सतलजच्या काठाकाठानं रामपूर, रिकाँग पिओ, पूह अशी जाते. ही लांबची, पण शहाणपणाची. एक तर ती उंची हळूहळू वाढवते आणि शरीराला सवय व्हायला वेळ देते. दुसरं म्हणजे, हिरवाई कशी मावळत जाते ते या वाटेवर डोळ्यांनी पाहता येतं. किन्नौरमध्ये सफरचंदाच्या बागा आणि देवदाराची दाट झाडी असते. पुढे चिलगोज्याचे विरळ पाइन लागतात, मग तेही तुरळक होतात. खाबला स्पिती नदी सतलजला मिळते. तिथून वर वळलं, नाकोचा चढ चढला, की डोंगरावर झाड म्हणून दिसत नाही. उरतात ते नुसते खडक, घसरलेली रेती आणि तिच्यात खोदून काढलेला एक गाडी जाईल एवढा रस्ता. सीमा सडक संघटनेचे मजूर पावलोपावली तो सावरत असतात. दरडी इथे उन्हाळ्यातही कोसळतात, कारण माती धरून ठेवायला मुळं नाहीत.

काझा हे स्पितीचं मुख्य गाव साडेतीन हजार मीटरांहून उंच आहे. कळसूबाई १,६४६ मीटर. म्हणजे काझाचा बाजार महाराष्ट्राच्या सर्वोच्च शिखराच्या दुपटीहून वर भरतो. हवेचा दाब इथे समुद्रकाठच्या जवळपास दोन-तृतीयांश, आणि प्रत्येक श्वासातला प्राणवायूही त्याच प्रमाणात कमी. पाणी ८८ अंशांच्या आसपास उकळायला लागतं, त्यामुळे उघड्या पातेल्यात डाळ शिजता शिजत नाही आणि घरोघरी प्रेशर कुकरशिवाय पान हलत नाही. पहिल्या रात्री पाहुण्याचं डोकं ठणकतं, झोप तुटते, जिना चढताना धाप लागते. औषधाच्या गोळ्या असतात, पण खरा उपाय म्हणजे एक-दोन दिवस काहीही न करणं, भरपूर पाणी पिणं आणि त्रास वाढला तर हट्ट न करता खाली उतरणं. पुण्या-मुंबईहून मोजकी सुट्टी काढून आलेल्यांना हेच सगळ्यात जड जातं.

हवा कोरडी असल्यानं दूरचं सगळं जवळ भासतं. समोरच्या डोंगराच्या अंगावर मातीचे पट्टे स्वच्छ मोजता येतात: जांभळट, पिवळसर, राखाडी, गंजासारखा तांबडा. झाडोरा नसल्यानं पृथ्वीचे थर इथे उघडे आहेत, आणि म्हणूनच दीडशेहून अधिक वर्षं भूगर्भशास्त्रज्ञ या खोऱ्याकडे ओढले गेले. मोराव्हियात जन्मलेला फर्डिनांड स्तोलिच्का भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात नोकरीला होता. १८६०च्या दशकात त्यानं स्पितीचे थर पायी फिरून नोंदवले. त्याच खात्यातल्या एच. एच. हेडनचा स्पितीच्या भूगर्भावरचा ग्रंथ १९०४ मध्ये निघाला. स्तोलिच्का पुढे यारकंदच्या मोहिमेवरून परतताना १८७४ मध्ये काराकोरमच्या वाटेवर दगावला. विरळ हवेनंच त्याचा बळी घेतला. वय अवघं छत्तीस. लेहला त्याचं स्मारक आहे.

त्याला या दगडांत काय सापडलं ते लांग्झा गावाजवळ आजही दिसतं. गाव ४,४०० मीटरांच्या आसपास, मागे चाऊ चाऊ कांग निल्दा हे सहा हजार मीटरांवरचं शिखर. गावाच्या खालच्या ओहोळात काळ्या, पानापानांनी सुटणाऱ्या शेलच्या चुऱ्यात मुठीएवढे गोल दगड पडलेले असतात. एखादा दुभंगलेला असला की आत चक्राकार शंख दिसतो, कड्या कड्या असलेला, शिवणीसारख्या रेषांनी विभागलेला. हे अमोनाइट, समुद्रातले प्राणी, सुमारे पंधरा कोटी वर्षांपूर्वीचे. भारताचा भूखंड उत्तरेला सरकत आशियाला भिडण्याआधी मध्ये टेथिस नावाचा समुद्र होता; त्याच्या तळाचा गाळ टकरीत उचलला गेला आणि आज तो साडेचार किलोमीटर उंचीवर आहे.

मराठी घरातल्या कित्येकांनी हा दगड नकळत हाताळलेला असतो. देव्हाऱ्यात तुळशीपत्र वाहून पूजला जाणारा शाळिग्राम नेपाळच्या काली गंडकीतून येतो. त्याच्यावरचं विष्णूचं चक्र म्हणजे अशाच अमोनाइटचा ठसा असतो, आणि तो ज्या काळ्या शेलमधून सुटून नदीत येतो तो थर स्पितीतल्या थराचाच सांधा आहे. आजीच्या देव्हाऱ्यातला गोल काळा दगड आणि लांग्झाच्या ओहोळातला दगड एकाच समुद्राचे आहेत, हे कळल्यावर त्या दगडाकडे पाहण्याची नजर बदलते. गावातली मुलं ते विकायला आणतात. पाहुण्यानं ते विकत घेऊ नयेत आणि उचलूही नयेत. पाऊस नसल्यानं जे कोट्यवधी वर्षं टिकलं, ते दहा-वीस हंगामांत पिशव्यांतून संपून जाऊ शकतं.

ताबोच्या आत शिरलं की पहिले काही क्षण काहीच दिसत नाही. छोट्या दारातून वाकून जावं लागतं, वरच्या झरोक्यातून एकच तिरीप येते, आणि डोळे सरावले की भिंतींतून माणसं बाहेर येऊ लागतात. तीसहून अधिक मृण्मय मूर्ती, जवळजवळ पुरुषभर उंचीच्या, जमिनीपासून वर, भिंतीला टेकून बसलेल्या. हातांच्या बोटांची ठेवण, मांडीवर दुमडलेल्या वस्त्राची चुणी, खांद्यामागचं तेजोवलय, सगळं मातीत घडवून रंगवलेलं. मध्यभागी चार दिशांना तोंड करून बसलेला वैरोचन. मूर्तींच्या खालच्या पट्ट्यात चित्रं आहेत: बुद्धाचं चरित्र, आणि सुधनाची यात्रा. सुधन हा व्यापाऱ्याचा मुलगा. ज्ञान शोधत तो एका गुरूकडून दुसऱ्याकडे जात राहतो. भिक्षू, व्यापारी, राजा, स्त्रिया, लहान मूल, ज्याच्याकडे शिकण्यासारखं आहे त्याच्यापुढे हात जोडून उभा राहतो. एका प्रवासाची ही गोष्ट मुद्दाम मंदिराच्या भिंतीवर काढावी असं त्या काळच्या लोकांना वाटलं, हे लक्षात घेण्यासारखं आहे. हा प्रदेश वाटांचा होता. विहार बांधणारा येशे-ओ पश्चिम तिबेटातल्या गुगे राज्याचा राजा. त्याच्या प्रेरणेनं रिंचेन झांगपो हा भिक्षू काश्मीरला गेला, संस्कृत शिकला, ग्रंथांची भाषांतरं केली आणि येताना काश्मिरी कलाकारांना सोबत घेऊन आला, असं परंपरा सांगते. चित्रांतले बारीक कंबरेचे देह आणि नक्षीदार वस्त्रं त्या काश्मिरी हाताची साक्ष देतात. पुढे सेहेचाळीस वर्षांनी येशे-ओच्या नात्यातल्या जांगछुब-ओनं मंदिराची डागडुजी केली. तसा लेख भिंतीवर आहे.

ताबोला ‘हिमालयातली अजिंठा’ म्हणतात. पर्यटनाच्या पत्रकांत हे वाक्य फार वापरून गुळगुळीत झालं आहे, तरी तुलनेत तथ्य आहे. अजिंठ्यात खडकावर मातीचा लेप चढवून तो वाळल्यावर रंग लावले. ताबोतही वाळलेल्या लेपावरच रंग आहेत. दोन्हीकडे रंगांचा मोठा वैरी ओल. फरक एवढाच, की अजिंठ्याच्या चित्रांच्या डोक्यावर अख्खा डोंगर आहे आणि ताबोच्या चित्रांच्या डोक्यावर लाकडी तुळया, काटक्या आणि मातीचा थर. ते छत पावसासाठी बांधलेलंच नाही. मंदिरातल्या काही भिंतींवर वरून खाली ओघळ आलेले दिसतात. छतातून झिरपलेलं पाणी रंगांवरून वाहून गेल्याच्या त्या खुणा आहेत.

भूकंपही या मातीनं सोसला. १९ जानेवारी १९७५ रोजी किन्नौर आणि स्पिती मोठ्या धक्क्यानं हादरले. ताबोचं नुकसान झालं, पण जुनं मंदिर कोसळलं नाही. शेजारी नवं सभागृह १९८३ मध्ये उभं राहिलं, आणि विहाराला हजार वर्षं झाली तेव्हा, १९९६ मध्ये, दलाई लामांनी इथे कालचक्राची दीक्षा दिली. नदीच्या वरच्या अंगाला असलेल्या धनकरचं भवितव्य मात्र इतकं भरवशाचं नाही. पिन आणि स्पिती नद्यांच्या संगमावर, खडी-मातीच्या सुळक्यांच्या टोकाला हा मठ अक्षरशः लटकलेला आहे. खालचा कडा दरवर्षी थोडा थोडा झडतो. वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंडानं २००६च्या धोक्यातल्या शंभर वास्तूंच्या यादीत त्याचं नाव घातलं होतं.

देवळासारखीच घरं. स्पितीतलं जुनं घर म्हणजे जाड मातीच्या भिंती, वर पांढरा रंग, खिडक्यांभोवती काळी चौकट आणि सपाट धाबं. धाब्यावर कडेकडेनं काटक्या, झुडपांच्या मोळ्या आणि वाळकी लाकडं रचलेली असतात. ही हिवाळ्याची बेगमी. पारा शून्याखाली वीस अंशांच्याही खाली जातो तेव्हा सगळं घर एका खोलीत येतं, मधल्या शेगडीभोवती. तिच्यात हे सरपण आणि शेणाच्या गोवऱ्या जळतात. खाली गुरं, वर माणसं. आणि एका कोपऱ्यात, वरच्या मजल्यावर, जमिनीला भोक असलेली एक छोटी खोली: संडास. त्यात पाणी टाकायचं नाही. बाजूला ठेवलेली माती नि राख फावड्यानं वरून सोडायची. खालच्या खोलीत वर्षभर ते साठतं, कोरडं होतं, त्याचा वास जातो, आणि वसंतात ते शेतात जातं. इथली जमीन नुसती खडीची. तिच्यात जे पिकतं ते या खतामुळे. शहरातून आलेल्याला ही खोली मागासलेली वाटते, पण पाणी वाचवणं, पाइप गोठण्याची भानगड टाळणं आणि शेताला कस देणं ही तिन्ही कामं ती एकटी करते.

शेताला पाणी मिळतं ते कुहलांतून. कुहल म्हणजे पाट. हिमनदीच्या तोंडापासून डोंगराच्या कडेनं, कधी कित्येक किलोमीटर, दगडमातीचे हे अरुंद पाट गावापर्यंत आणलेले असतात. सुरुवातीच्या भागात दगड लावून घेतात, म्हणजे गाळानं तोंड बुजत नाही. पाट गावाजवळ एका तळ्यात येऊन पडतो. रात्रभर पाणी साठतं, सकाळी तळ्याचं तोंड उघडतात, दिवसभर पाळीपाळीनं शेतं भिजतात, संध्याकाळपर्यंत तळं रितं होतं आणि तोंड पुन्हा बंद. या चक्रात कुणाचं शेत कधी भिजायचं ते ठरलेलं असतं. बायका खांद्यावर फावडं टाकून आपल्या पाळीला येतात, एक ढेकूळ काढलं की पाणी वाफ्यात वळतं, ते परत बसवलं की पुढच्याच्या वाफ्यात जातं.

वर्षाला पीक एकच. पूर्वी ते सातूचं असे: तो भाजून, दळून त्साम्पा करायचा, त्याचीच छांग ही दारू काढायची. गेल्या काही दशकांत हिरवा वाटाणा आला आणि त्यानं घरात रोख पैसा आणला. मैदानात उन्हानं वाटाणा संपलेला असतो तेव्हा, भर पावसाळ्यात, स्पितीचा वाटाणा बाजारात जातो. तोडणीच्या दिवसांत काझाच्या रस्त्यावर वाटाण्याच्या पोत्यांनी भरलेले ट्रक उभे असतात. एखाद्या वर्षी डोंगरावर बर्फ कमी पडलं की पाट आटतात आणि पीक करपतं.

पाणी मोजकं म्हणजे शेतजमीन मोजकी. जमीन वाढवता येत नाही, म्हणून ती तुटू द्यायची नाही, अशी जुनी रीत इथे होती. घर आणि शेत थोरल्या मुलाला मिळायचं; तो कर्ता झाला की आईवडील मोठं घर सोडून शेजारच्या छोट्या घरात राहायला जायचे. धाकटे मुलगे मठात जायचे. ‘की’ गोंपासारख्या मठांच्या कोठड्या अशाच धाकट्या मुलांनी भरल्या. पिन खोऱ्यात मात्र न्यिंग्मा परंपरा, तिथले लामा लग्न करतात, त्यामुळे तिथली रीत वेगळी. धाकट्यांच्या वाट्याला आलेलं हे आयुष्य सोपं नव्हतं, आणि आता शाळा, सरकारी नोकऱ्या, पर्यटन यांनी ती रीत सैल केली आहे, ते चांगलंच झालं. पण गुंठ्यागुंठ्याच्या वाटण्यांनी कंगाल झालेली गावं ज्यानं पाहिली आहेत, त्याला त्या रीतीमागचा हिशेब लगेच समजतो.

मोजकेपणाचा हाच हिशेब किब्बर गावच्या कुरणांवर दिसतो. गवत कमी, त्यावर गावची मेंढरं, याक, घोडेही चरणार आणि डोंगरातल्या रानमेंढ्या, म्हणजे भरलही. भरल कमी झाले की हिमबिबट्या गोठ्याकडे वळतो. चारुदत्त मिश्रा या संशोधकानं नव्वदच्या दशकात इथे राहून हा गुंता अभ्यासला. म्हैसूरच्या नेचर कॉन्झर्व्हेशन फाउंडेशननं गावकऱ्यांबरोबर बसून दोन गोष्टी केल्या: गावानं आपल्या कुरणाचा एक भाग चराईतून मोकळा ठेवला, आणि गुरांचा सामुदायिक विमा सुरू झाला, ज्यात मालक हप्ता भरतो आणि जनावर मारलं गेलं तर भरपाई मिळते. मोकळ्या कुरणात भरल वाढले. पूर्वी ज्या हिमबिबट्याला माणसं दगड घेऊन हाकलायची, तो पाहायला आता भर हिवाळ्यात लोक किब्बरला येऊन राहतात, आणि गावातलीच तरुण मुलं दुर्बीण लावून त्यांना समोरच्या कड्यावरचा तो करडा ठिपका दाखवतात.

ही माणसं जुन्या काळात गोठून राहावीत अशी अपेक्षा बाहेरच्यानं करू नये. किब्बर आणि चिचम यांच्यामध्ये खोल घळ आहे. वर्षानुवर्षं चिचमची माणसं दोरावरच्या पाळण्यात बसून, हातांनी दोर ओढत ती पार करायची. सामान त्यातूनच, मेंढरं त्यातूनच, आजारी माणूसही त्यातूनच. २०१७ मध्ये तिथे पूल झाला. पर्यटक त्या पुलावर फोटोसाठी थांबतात. चिचमच्या माणसाला त्या पुलानं दवाखाना दिला. ताशिगांगला १५,२५६ फुटांवर मतदान केंद्र आहे, जगातलं सर्वांत उंचावरचं. हिक्किमच्या चिमुकल्या टपाल कार्यालयातून १९८३ पासून पत्रं जातात. अख्ख्या लाहौल-स्पिती जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत ३१,५६४ होती, चौरस किलोमीटरला दोन माणसं. एवढ्या विरळ वस्तीला रस्ता, वीज आणि टपाल पोचणं ही मोठीच गोष्ट आहे.

काळजी दुसऱ्याच गोष्टीची वाटते. ज्या कोरड्या आभाळावर हे सगळं उभं आहे, तेच आता भरवशाचं राहिलेलं नाही. जुलै २०२३ मध्ये कुंझुमपलीकडच्या चंद्रताल तळ्याकाठी ऐन उन्हाळ्यात बर्फ पडलं, रस्ते गाडले गेले आणि सुमारे तीनशे पर्यटक अडकून पडले. त्यांना बाहेर काढायला कित्येक दिवस लागले. त्याच दिवसांत सगळं हिमाचल पुरांनी झोडपलं जात होतं. मातीच्या धाब्याला एखादी सर चालते. रात्रभराची संततधार झाली की माती जड होते, गळायला लागते, आणि घरातली माणसं भांडी मांडत जागतात. मग पुढच्या उन्हाळ्यात कुणी धाब्यावर ताडपत्री घालतो, कुणी पत्रा, कुणी मातीचं घर पाडून सिमेंटचं बांधतो. सिमेंटचं घर गळत नाही, पण हिवाळ्यात ते बर्फासारखं थंड पडतं आणि दुप्पट सरपण खातं. ज्या खोऱ्यात झाडच नाही तिथे हे सरपण खालून ट्रकनं आणावं लागतं.

दुसरं संकट पाहुण्यांच्या पाऊलखुणांनी येतं. काझात हॉटेलं वाढली. प्रत्येक खोलीला नळ, शॉवर, पाण्याचा संडास. एका पाहुण्याच्या सकाळच्या अंघोळीला जे पाणी जातं, ते कुणाच्या तरी वाफ्याच्या वाट्याचं असतं. नळाचं सांडपाणी खडीत मुरवायला शोषखड्डे खणावे लागतात. शेतात जाणारं खत बंद होतं, मग खताची पिशवी विकत घ्यावी लागते. प्लॅस्टिकच्या बाटल्या खाली नेणारं कुणी नसतं. कोरड्या थंड हवेत त्या कुजत नाहीत, वर्षानुवर्षं ओढ्यात पडून राहतात. यातलं काहीही कुणा एकाच्या दुष्टपणानं होत नाही. मैदानातल्या सवयी सामानाबरोबर वर येतात, एवढंच.

त्यावर उपाय खोऱ्यातल्याच गावांनी शोधले आहेत. काझाहून वर, चार हजार मीटरांपलीकडे, देमुल नावाचं गाव आहे. तिथे घराघरांत पाहुण्यांची सोय होते, पण पाहुणा कोणत्या घरी उतरणार ते पाळीनं ठरतं. आज या घरी, पुढचा पाहुणा पुढच्या घरी. वाटेवरच्या घराला जास्त आणि टोकाच्या घराला कमी असं होत नाही, आणि एकानं चार मजले चढवून बाकीच्यांनी बघत बसायचं असंही होत नाही. पाण्याची पाळी ज्यांच्या अंगवळणी पडली आहे त्यांना पाहुण्यांची पाळी लावणं अवघड गेलं नसावं. तिथे उतरणाऱ्याला जेवायला थुक्पा किंवा वाटाण्याची उसळ मिळते, लोणी घातलेला खारट चहा मिळतो, मागितलं तर बादलीभर गरम पाणीही मिळतं. संडास कोरडाच असतो; राखेचं फावडं बाजूला असतं. एकीकडे काझातली शॉवरची खोली, दुसरीकडे इथलं पाळीचं घर. आरक्षण करताना दोन्हींतलं एक निवडायचं असतं, आणि तो निर्णय स्पितीतलं कुणी घेत नाही. तो पुण्यात, नागपुरात, मुंबईत घरी बसून, निघायच्या कितीतरी दिवस आधी घेतला जातो.